वाजवलं दुसऱ्यानं

१९ नोव्हेंबर. खुर्च्यांची कव्हरं धुवायला काढली होती. तुळशीची लग्नं लागली की आमचा हंगाम सुरू होतो, आणि पहिलं काम दुसऱ्याच दिवशी शेलूबाजारला होतं. उन्हाळ्यात कामावरच्या माणसांनी कव्हरं न धुताच गुंडाळून ठेवली होती; हळदीचे डाग वाळून पक्के झाले होते. मी हौदाशी बसून एकेक कव्हर ब्रशनं घासत होते आणि पुढे दुकानात आमचे हे मोठ्या आवाजात मुलीच्या बँडचा अल्बम वाजवत होते.

वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावात आमचं बिछायत केंद्र आहे. मंडप, खुर्च्या, स्वयंपाकाची भांडी, जनरेटर, साउंड. मंडपाचं काम यांच्याकडे आणि साउंडचं माझ्याकडे. बाई मिक्सरवर कशी, असं लोक विचारतात. कारण साधं आहे. वर्षानुवर्षं स्पीकरच्या डब्यांशेजारी उभं राहून यांचा डावा कान गेला आणि उजवाही पुरता उरला नाही. मिक्सरवर ऐकू येणारं माणूस लागतं, म्हणून मी बसले. बसता बसता शिकले.

अल्बम आदल्या दिवशी निघाला होता. निघाला म्हणजे हातात घ्यायला काही येत नाही, फोनवर येतो. आठ गाणी, वर चौघांचा फोटो, मधोमध आमची मुलगी हातात काड्या घेऊन. खाली कोणी काय वाजवलं ते लिहिलेलं. ड्रम्सपुढे तिचं नाव. यांनी फोन मिक्सरला जोडला आणि रस्त्यानं जाणाऱ्या ओळखीच्या माणसांना थांबवून ऐकवायला सुरुवात केली. मला हौदापाशी सगळं ऐकू येत होतं.

"थांब बे, ऐकून जा. माही पोट्टी वाजवून राह्यली."

"कोनतं? हे गानं म्हनते ते?"

"गानं तो रिसोडचा पोट्टा म्हनते. हे मांगून धडाधड हाय नं, ते माह्या पोट्टीचं."

"बाप्पा! हे तर वरातीवानी नाई वाटून राह्यलं."

"वरात नोय हे. मुंबईचा स्टुडिओ हाय. कशाले वरातीवानी वाटन?"

पहिल्या गाण्यात मी नीट लक्ष दिलं नाही. नळ चालू होता. दुसरं गाणं संपत आलं तेव्हा माझा ब्रश थांबला. मी नळ बंद केला. तिसरं पूर्ण ऐकलं, चौथं ऐकलं. मग बाकीची गाणी ऐकत उरलेली कव्हरं घासून टाकली, कारण ती वाळायला ऊन लागणार होतं. पण मला कळलं होतं. त्या आठ गाण्यांत माझ्या मुलीचा एकही ठोका नव्हता.

हे मला कसं कळलं ते सांगायचं तर ती वाजवायला कशी शिकली ते सांगावं लागेल.

ती लहान असताना तिला घरी ठेवायला कोणी नव्हतं. लग्नाच्या कामाला जाताना आम्ही तिला टेम्पोत घेऊन जायचो. आम्ही दोघं आपापल्या कामात. ती बँडपार्टीच्या मागे मागे. मंगरुळपीरचे एक बँडमास्तर होते, लाल कोट घालायचे, कोटाची बटणं कायम तुटलेली. त्यांनी तिला जेवणाच्या वेळात साइड ड्रम वाजवायला दिला. मी एकदा रागावले, तर मला म्हणाले, "बाई, हात अच्छा है इसका. कायले अडवता?"

त्यांनी तिला एकच गोष्ट शिकवली आणि ती पक्की शिकवली. काडीकडे पाहायचं नाही, नाचणाऱ्यांच्या पायांकडे पाहायचं. पाय थकले की आपण उतरायचं, पाय उठले की आपण चढवायचं. वरात मंडपाच्या दारात आली की नवरदेवाचे मित्र त्याला आत जाऊ देत नाहीत. नवरीकडची माणसं हार घेऊन ताटकळत असतात, गुरुजी घड्याळ दाखवतात आणि दारात नाच काही संपत नाही. तिथे वाजवणाऱ्यानं लय वाढवत न्यायची, इतकी की नाचणारे आपोआप दमून थांबतील आणि नवरदेव एकदाचा आत जाईल. आमच्याकडे ज्याला हे जमत नाही त्याला वाजवणारा म्हणत नाहीत. दारातल्या त्या वाढत्या लयीवर मुलगी मोठी झाली.

पुढे ती वाशीमला कॉलेजला गेली. तिथे चौघांचा बँड झाला. रिसोडचा मुलगा गायचा आणि गिटार वाजवायचा, एक जण बेस, एक कीबोर्ड आणि ही. जुना ड्रमसेट आम्ही एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राकडून घेतला होता, भाड्यानं द्यायला. तो हिनं ताब्यात घेतला. तालमीला जागा कोणी देईना म्हणून आमच्या गोदामात, गाद्यांच्या थप्प्यांमध्ये तालीम. दर रविवारी चौघांना पोहे, चहा आणि वर ऐकून घ्यायचं की, "काकू, मॉनिटरचा आवाज थोडा वाढवा नं." मी वाढवायचे.

सुरुवातीला तो रिसोडचा मुलगा तिच्यावर ओरडायचा.

"शेवटाले कायले पळते बे? मांगं कोनी लागलं का?"

"मी नाई पळून राह्यली. तू मांगं राहून राह्यला."

मग कॉलेजच्या गॅदरिंगला त्यांचा पहिला कार्यक्रम झाला. साउंड आमचा, खुर्च्या आमच्या. मुलं-मुली बसून होती, निम्मी फोनमध्ये. शेवटच्या गाण्यात तिनं पुढच्या रांगेतल्या दोन मुलांचे पाय हलताना पाहिले असणार, कारण तिनं चढवायला सुरुवात केली. दारातल्यासारखी. गाणारा मुलगा मागे वळून पाहत होता, पण थांबायची सोय नव्हती. सगळी रांग उठली, मग सगळं मैदान उठलं. आमच्या कित्येक खुर्च्या मोडल्या. कुणीतरी फोनवर काढलेला त्याचा व्हिडिओ खूप फिरला. त्यानंतर तो मुलगा ओरडला नाही. पुढची सगळी गाणी त्यांनी तिचा शेवट धरूनच बसवली. तालमीत तेच म्हणायचे, "आता इथून दार." म्हणजे इथून लय वाढणार. त्या व्हिडिओमुळेच मुंबईच्या माणसांनी त्यांना स्टुडिओत बोलावलं.

मी बरोबर गेले. एकट्या मुलीला तीन मुलांबरोबर पाठवायचं नाही असं यांचं म्हणणं होतं; मला स्टुडिओ पाहायचा होता, एवढंच माझं.

स्टुडिओ पाहून मी खुश झाले नाही. भिंतींना जाड गाद्या, खाली गालिचा, काचेमागे बसलेला इंजिनिअर. टाळी वाजवली तरी ती तिथल्या तिथे मरत होती. मला वाटलं होतं चौघं मिळून वाजवतील, जसं गोदामात वाजवतात. तसं नव्हतं. आधी एकटे ड्रम. बाकी सगळं नंतर, त्यावर चढवत. मुलीला काचेपलीकडच्या खोलीत एकटीला बसवलं आणि कानावर मोठे हेडफोन लावले. त्यात टिक टिक टिक. क्लिक म्हणतात त्याला. त्या टिकटिकीला धरून वाजवायचं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच लयीत.

तिनं वाजवलं. गाण्याचा पहिला भाग नीट गेला. शेवट आला आणि ती चढली. क्लिक मागे राहिलं.

"पुन्हा घेऊ," इंजिनिअर म्हणाला.

पुन्हा. पुन्हा चढली. मग तिनं स्वतःला आवरलं, तर शेवट असा मेल्यासारखा झाला की इंजिनिअरनेच तोंड वाकडं केलं. सगळा दिवस हेच. अल्बमचं काम पाहणारा निर्माता आला, गोड बोलणारा माणूस. म्हणाला, "ताई, टच फार छान आहे हिचा. फक्त एक लय धरून राहायची सवय नाही."

मी म्हटलं, "तिला समोर माणसं पाहिजेत. तीन मुलांना आत उभं करा ना."

"त्यांचा आवाज माइकमध्ये येईल."

"वाजवू नका म्हणावं. नुसतं उभं राहायला सांगा."

तो हसला. मुलं सोफ्यावर फोन पाहत होती. एकही उठला नाही.

तेवढ्यात काचेपलीकडून, माइकमधून, मुलीचा आवाज आला. सगळ्या स्पीकरवर. "आई, तू जरा पाय हालव नं. मले दिसन असे."

मी आयुष्यात कुणाच्या वरातीत नाचलेले नाही. माझं काम मिक्सरवर. पण उठले. काचेजवळ जाऊन उभी राहिले, साडी थोडी वर धरली आणि पाय हलवले. एक पुढे, एक मागे, जसे बायका हळदीला हलवतात तसे. इंजिनिअरनं तोंडावर हात धरला. गाणाऱ्या मुलानं मान खाली घातली. लाजेनं, असं मला वाटतं. मी थांबले नाही. मुलगी माझ्या पायांकडे पाहत वाजवत होती. ते गाणं तिनं गोदामात कधी वाजवलं नव्हतं इतकं चांगलं वाजवलं. शेवटाला चढली. मीही चढले.

संपल्यावर निर्माता म्हणाला, "सुंदर. पण क्लिकवर नाही."

निघताना गाणाऱ्या मुलानं मला रिक्षापर्यंत सोडलं. "काकू, टेन्शन नका घेऊ. थोडं एडिटिंग करून घेतो. आजकाल सगळं बसवता येते." मी विश्वास ठेवला. ठोका इकडचा तिकडे सरकवता येतो हे मला ठाऊक होतं. माणूसच सरकवतील असं डोक्यात आलं नाही.

अल्बमच्या आठही गाण्यांत एकदाही दार आलं नव्हतं, आणि काडीचा हातही तिचा नव्हता. त्या दिवशी कव्हरं दोरीवर टाकून मी त्या गाणाऱ्या मुलाला फोन लावला. तो बिचकला नाही, हे त्याच्या बाजूनं सांगायला पाहिजे.

"काकू! ऐकला का अल्बम?"

"ऐकला. ड्रम कोणी वाजवला?"

"सेशनवाले असतात काकू, पैसे घेऊन दुसऱ्यासाठी वाजवनारे. मुंबईचा एक मानूस होता. दोन दिवसांत आठही गानी करून गेला."

"आणि नाव हिचं?"

"नाव तर तिचंच पाहिजे नं. बँडमधी तीच हाय. फोटो बी तिचाच मधात ठेवला. असं सगळीकडेच होते काकू, कोनी सांगत नाई."

"दार कुठे गेलं तुमचं?"

"काकू, कार्यक्रमात ते जमते. लोकं उभे असतात. अल्बम मानूस कानात घालून ऐकते. बसमधी बसून, नाई तं झोपून. त्याचे पाय कुठं हालून राह्यले?"

त्याचं बोलणं चूक नव्हतं, आणि मला तेच जास्त लागलं. चूक असतं तर मी भांडले असते. मी विचारलं, "ज्याच्यामुळे तुला मुंबईचं बोलावणं आलं ते काय होतं?" तो म्हणाला, "काकू, मले तुमचा आवाज नीट ऐकू नाई येऊन राह्यला, नंतर करतो." आवाज चांगला येत होता. मला आवाजातलं कळतं.

मुलगी संध्याकाळी वाशीमहून आली. दारातच यांनी तिला पेढा भरवला आणि समोरच्या चहावाल्याला हाक मारून तिला दाखवलं, जसं काही त्यानं तिला आधी कधी पाहिलंच नव्हतं. ती हसली, पाया पडली. मागच्या अंगणात आली तेव्हा हसू नव्हतं. मी कव्हरांच्या घड्या घालत होते. तीही घड्या घालायला बसली.

"बाबांनी किती येळा ऐकला?"

"सकाळपासून तेच चालू आहे. चार माणसं जेवायची राहिली त्या गाण्यापायी."

"अन् तू?"

"मी पण ऐकला."

तिनं एक कव्हर घेतलं, त्याची उलटी घडी घातली, पुन्हा उघडली.

"तुला कधी कळलं?" मी विचारलं.

"दिवाळीत. बेसवाल्यानं सांगतलं. त्याले राह्यवलं नाई."

"आणि तू मला सांगितलं नाहीस."

"सांगून तू काय केलं असतं? त्याले फोन केला असता."

"केलाच."

"आई!"

"नाव काढायला सांग त्यांना. जे तू वाजवलं नाहीस त्याखाली तुझं नाव कशाला?"

"नाई काढनार." तिचा आवाज वर गेला, मग दुकानाकडे पाहून तिनं तो खाली आणला. "गानी कोनं बसवली? गोदामात कोनाचे हात सोलले? त्या मानसानं जे वाजवलं ते माहंच ऐकून वाजवलं. कुठं थांबायचं, कुठं झांज मारायची, सगळं माहं हाय. शेवट सोडून."

"शेवटच तर तुझा होता."

तिनं दुसरं कव्हर ओढून घेतलं. मी बोलायला नको होतं, असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. कुणीतरी तिला ते सांगायला पाहिजे होतं, आणि घरात ऐकू येणारी मी एकटीच आहे.

मग ती म्हणाली, "डिसेंबरात वाशीमले कार्यक्रम हाय, अल्बमचा. मले कानात क्लिक घालून वाजवाले सांगतलं. अल्बममधी जसं हाय तसंच."

"जाणार?"

"जाईन."

"त्या माणसासारखं वाजवशील?"

"नाई गेली तर तो मानूस येईन मुंबईवरून. मंग फोटो बी त्याचाच लागन." तिनं घड्या केलेली कव्हरं माझ्यापुढे सरकवली. "आता नाव सोडून माह्यापाशी काय राह्यलं? ते बी काढून टाकू म्हन्ते तू."

माझ्या हातात जे होतं ते मी सांगितलं. "नाव तुझं आहे, ठेव. कार्यक्रमाला जा. पण साउंड आमचा जाणार नाही आणि मी मिक्सरवर बसणार नाही. माझ्या डब्यांतून हे वाजणार नाही."

"बाबांनी हो म्हनून टाकलं त्यांना."

"बाबांना मी पाहून घेईन."

"बाबांना हे ड्रमचं सांगू नको आई."

"नाही सांगत."

जेवणं झाल्यावर तिनं कानात इअरफोनची बटणं घातली आणि पलंगावर बसून उशीवर काड्या मारू लागली. अल्बमचीच गाणी असणार. मी कव्हरांचे गठ्ठे बांधत होते. उशीवर आवाज फार होत नाही, पण कळतो. गाणं संपत आलं असावं तिथे मी कान दिला. लय जिथली तिथेच राहिली. पुढचं गाणं, तसंच. तिला जमत होतं. दिवाळीपासून करत असणार, मला दिसणार नाही असं. गाण्याच्या शेवटाला तिनं डोळे मिटून घेतले होते, म्हणजे कुठे पाहायला नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं टेम्पोनं शेलूबाजारला गेलो. मुलगी झोपली होती, उठवली नाही. मंडप कामावरच्या माणसांनी आदल्या दिवशीच उभा केलेला होता. माणसांनी कव्हरं चढवली, मी डबे लावले, वायरी जोडल्या, मिक्सर टेबलावर मांडला. नवरीकडची दोन माणसं चहा घेऊन आली. मी माइक तपासत होते तोवर यांनी खिशातून फोन काढून वायरीला लावला आणि पहिलं गाणं सुरू केलं. मंडपभर.

"माह्या पोट्टीचं हाय," ते त्या दोघांना सांगू लागले.

मी त्या चॅनलचा फेडर, आवाजाची सरकती कळ, खाली ओढला. एकदम.

"काहून बंद केलं वं? चेक तर होऊ दे."

"लग्नाचं काम आहे. नवरीवाल्यांनी पेनड्राइव्ह दिला आहे, त्यावर चेक करते."

"अवं, एक गानं तर..."

"तुम्ही मागचा पडदा पाहा. दोरी सैल आहे."

ते हातोडी घेऊन मागे गेले. मी त्यांचा फोन वायरीतून काढला, बंद केला आणि माझ्या पिशवीत टाकला. पेनड्राइव्ह लावला. त्यात सनई होती. फेडर वर केला, पुढच्या डब्याचा आवाज थोडा फाटत होता तो कमी केला आणि मंडपाच्या दारापर्यंत चालत जाऊन ऐकून आले, शेवटच्या खुर्चीला नीट जातो की नाही.